एका दिवसाचे सारथ्य

परोपकारासाठी द्रव्य जमविण्याच्या ज्या अनेक तऱ्हा इंग्लंडात रूढ आहेत, त्यांपैकी एक मोठी मौजेची आहे. एखादे विस्तीर्ण मैदान एका दिवसापुरते घ्यावयाचे, तेथे ट्रॅक्टर, मालमोटारी, दुमजली बसगाड्या, अग्निशामक बंब, माती उपसणारी यंत्रे, क्वचित् लष्कराने मोडीत काढलेले एखादे अवजड वाहनही आणून उभे करावयाचे आणि त्यांच्या चालकाच्या आसनावर केवळ स्त्रियांनाच बसवावयाचे. शेजारी जाणता चालक असतो आणि मैदान खासगी असल्यामुळे नेहमीच्या परवान्याची अडचण येत नाही. भाग घेणाऱ्या स्त्रीने आपल्या आप्तेष्टांकडून आधीच देणग्यांची वचने घेतलेली असतात. दिवसअखेर जी रक्कम जमते ती एखाद्या धर्मादाय संस्थेच्या पेटीत पडते. शिक्षिका, परिचारिका, कारकून, गृहिणी अशा सर्व थरांतील स्त्रिया त्या दिवशी धुळीने माखून, पण हसतमुखाने घरी परततात.

अशा उपक्रमाची वार्ता वाचून आपल्याकडे दोन प्रकारचे उद्गार निघतात. कोणी म्हणतो, दानच करावयाचे तर चेक फाडून द्यावा; त्यासाठी बायकांनी रोडरोलरवर चढण्याचा खटाटोप कशाला? दुसरा म्हणतो, पाहा, तिकडच्या स्त्रिया किती पुढे गेल्या! आम्हांस हे दोन्ही अभिप्राय सारखेच उथळ वाटतात. पहिल्याला परोपकाराचा इतिहास ठाऊक नाही. दुसऱ्याला एक दिवस आणि वर्षाचे उरलेले तीनशे चौसष्ट दिवस यांतील अंतर दिसत नाही.

प्रथम पहिल्या आक्षेपाचा विचार करू. स्त्रियांनी घराचा उंबरठा ओलांडला तो पुष्कळदा सत्कार्याच्या निमित्तानेच, हे विसरून चालणार नाही. जे स्वतःसाठी मागितले असता उद्धटपणा ठरला असता, ते दुसऱ्यासाठी मागितले म्हणून समाजाने निमूटपणे दिले. आपल्या महाराष्ट्रातच याचे ठसठशीत उदाहरण आहे. अण्णासाहेब कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी निधी जमविणाऱ्या पार्वतीबाई आठवले या केशवपन झालेल्या विधवा. ज्या काळी अशा स्त्रीचे दर्शनही अशुभ मानीत, त्या काळी त्या गावोगाव हिंडल्या आणि पुढे थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. आश्रमाला पैसा मिळाला हे खरेच. पण विधवा स्त्री एकटी प्रवास करू शकते, परक्यांशी बोलू शकते, हिशेब ठेवू शकते, हेही त्यामुळे सिद्ध झाले. ब्रिटनमध्येही हेच घडले. १९०७ मध्ये स्थापन झालेले फर्स्ट एड नर्सिंग योमनरी हे स्त्रियांचे पथक आरंभी घोड्यावरून जखमींपर्यंत पोहोचण्याची कल्पना घेऊन निघाले होते. पहिल्या महायुद्धात त्याच स्त्रिया फ्रान्स व बेल्जियमच्या चिखलातून रुग्णवाहिका हाकीत होत्या. सेवेच्या पदराआडूनच त्यांच्या हाती मोटारीचे चाक आले.

तेव्हा दानाच्या निमित्ताने वाहन चालविणे हा पोरखेळ नव्हे. परंतु आमचा खरा प्रश्न याच्या पुढचा आहे. निमित्त संपल्यावर चाक कोणाच्या हाती राहते?

ब्रिटनचाच दाखला घ्या. दुसऱ्या महायुद्धात एअर ट्रान्सपोर्ट ऑक्झिलिअरी या दलातील स्त्रिया कारखान्यांतून बाहेर पडणारी लढाऊ विमाने वैमानिक-तळांवर नेऊन पोहोचवीत. १९४० च्या आरंभी त्यांची संख्या अवघी आठ होती. १९४३ मध्ये तर त्यांना पुरुषांइतके वेतनही मिळू लागले. पुढे राणी झालेल्या एलिझाबेथ यांनीही १९४५ मध्ये लष्कराच्या साहाय्यक दलात मोटार चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण घेतले. इतके सारे होऊन लंडनच्या परिवहन संस्थेत पहिली स्त्री बसचालक म्हणून केव्हा रुजू झाली? जिल व्हायनर यांच्या रूपाने १९७४ मध्ये! दोन्ही महायुद्धांत स्त्रियांनी लंडनच्या बसमध्ये तिकिटे फाडली, बॉम्बवर्षावात रुग्णवाहिका हाकल्या. पण शांततेच्या काळात बसच्या चालकाचे आसन त्यांना मिळण्यास युद्धसमाप्तीनंतर एकोणतीस वर्षे लागली. भुयारी रेल्वेचा मान हॅना डॅड्स यांना मिळाला तो १९७८ मध्ये. संकटात स्त्रीचे हात समर्थ असतात आणि संकट टळले की तेच हात नाजूक होतात, हा शरीरशास्त्राचा नव्हे, सोयीचा सिद्धान्त आहे.

या सोयीच्या शास्त्राला कायद्याचे कवच देणारे देशही आहेत. रशियात स्त्रियांना मज्जाव असलेल्या ४५६ कामांची यादी २००० सालापासून अमलात होती. मॉस्कोची भुयारी गाडी चालविणे त्यांतच मोडत असे. ही यादी शंभरावर आली ती २०२१ च्या आरंभी. सौदी अरेबियात तर स्वतःची मोटार चालविण्यासाठीही स्त्रियांना २०१८ च्या जूनपर्यंत थांबावे लागले. १९९० मध्ये रियाधच्या रस्त्यावर मोटारी काढणाऱ्या सत्तेचाळीस स्त्रियांना त्याचे मोल भोगावे लागले होते. चाकावरचा हात ही सामान्य गोष्ट नाही. त्याच्यामागे जाण्या-येण्याचे, म्हणजेच मिळविण्याचे व निवडण्याचे स्वातंत्र्य उभे असते.

आपल्याकडे तसा कायदा नाही. १९८८ चा मोटार वाहन कायदा परवाना देताना स्त्री-पुरुष हा भेद करीत नाही. मग आडवे काय येते? आम्हांस वाटते, येथे एका जुन्या व्यवहाराकडे बोट दाखविले पाहिजे. जाते बाईने ओढावयाचे. पण पिठाची गिरणी आली की तिच्यापाशी पुरुष उभा राहतो. विहिरीवरून पाणी बाईने आणावयाचे. पंप बसला की त्याची कळ पुरुषाच्या हाती जाते. पेरणी, खुरपणी, कापणी यांत स्त्री कंबर मोडीपर्यंत वाकते. शेतात ट्रॅक्टर आला की त्याचे आसन मात्र तिच्यासाठी नसते. बांधकामावर घमेले तिच्या डोक्यावर असते आणि माती उपसणाऱ्या यंत्राची कांडी दुसऱ्याच्या हातात. काम जोवर अंगमेहनतीचे व कमी मजुरीचे असते तोवर ते स्त्रीला झेपते. त्याला यंत्र जोडले जाऊन श्रम घटले व मजुरी वाढली की ते तिला अवजड होते! यंत्राने बळाची गरज कमी केली, हे ज्याला दिसते त्याला हा तर्क उलटा आहे हे सांगावे लागू नये.

ज्या स्त्रियांना संधी मिळाली त्यांनी काय केले याचे पुरावे आपल्या अंगणातच आहेत. शीला डावरे या परभणीहून पुण्यास आल्या आणि १९८८ मध्ये त्यांनी रिक्षा चालविण्यास आरंभ केला. तमिळनाडूत वसंतकुमारी यांनी १९९३ मध्ये सरकारी बसचे चाक हाती घेतले. साताऱ्याच्या सुरेखा यादव यांनी मध्य रेल्वेत मालगाडीपासून उपनगरी गाडीपर्यंत सर्व काही चालविले, घाटात इंजिने नेली, ८ मार्च २०११ रोजी दख्खनची राणी मुंबईस आणली, १३ मार्च २०२३ रोजी वंदे भारत सोलापूरहून मुंबईस आणली आणि २०२५ च्या सप्टेंबरअखेर त्या सन्मानाने निवृत्त झाल्या. बोरघाटाचा उतार चालक स्त्री आहे की पुरुष हे विचारीत नाही.

तरीही ही नावे आपण अजून बोटांवर मोजतो, यातच आपले अपयश आहे. राज्य परिवहन महामंडळाने महिला चालकांच्या प्रशिक्षणाचा गाजावाजा २०१९ मध्ये केला. त्या प्रत्यक्ष गाडी घेऊन रस्त्यावर आल्या २०२३ मध्ये. मध्यंतरी साथ आली, संप झाला, हे खरे. पण उमेदवार स्त्रीच्या आयुष्यातील चार वर्षे ही काही किरकोळ रक्कम नव्हे. दिल्लीने २०२२ मध्ये बसचालक स्त्रियांसाठी उंचीची अट १५३ सेंटिमीटरपर्यंत खाली आणली. अट बदलता येते, आसन पुढे-मागे सरकविता येते. सरकत नाही ते मन. महाराष्ट्र सरकारने २०२४ मध्ये दहा हजार स्त्रियांना गुलाबी ई-रिक्षा देण्याची योजना जाहीर केली. वीस टक्के सरकारचे, दहा टक्के तिचे, सत्तर टक्के बँकेचे कर्ज, अशी तिची मांडणी. योजना स्वागतार्ह आहे. परंतु रंग गुलाबी दिल्याने रिक्षाथांब्यावर जागा मिळत नाही, आणि हप्ता थकला तर बँक रंग पाहून सूट देत नाही.

म्हणून आमचे म्हणणे असे की, महिला दिनी एखादी गाडी स्त्रियांच्या हाती देऊन तिला हार घालण्याची जी प्रथा आपल्याकडे पडली आहे, तिच्यावर आम्ही रुष्ट नाही. पण तेवढ्याने समाधानही मानणार नाही. अवजड वाहन चालविणाऱ्या स्त्रीला हाराहून अधिक गरज आहे ती आगारात कडी लागणाऱ्या स्वच्छ स्वच्छतागृहाची, मुक्कामाच्या फेरीवर निर्धास्त झोपता येईल अशा विश्रांतिगृहाची, बाळंतपणानंतर पुन्हा त्याच आसनावर परतता येईल अशा नियमाची. या गोष्टींना छायाचित्रकार येत नाहीत. त्यामुळेच त्या राहून जातात.

आणि इंग्लंडातल्या त्या दिवसाचे अनुकरण आपल्याकडील महिला मंडळांना करावेसे वाटले, तर त्यांनी ते खुशाल करावे. त्यांना आमची एकच सूचना आहे. त्या दिवशी जमलेला निधी गरजू तरुणींच्या परवान्यासाठी खर्ची घालावा. व्यावसायिक वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी आधी वर्षभर हलक्या वाहनाचा परवाना असावा लागतो. पुढे अवजड वाहनाच्या शिक्षणाची फी भरावी लागते, आणि मोलमजुरी करणाऱ्या घरातील मुलगी नेमकी तेथेच अडखळते. सुखवस्तू स्त्रीने गंमत म्हणून एक दिवस मालमोटार चालवावी आणि त्या गमतीतून दुसऱ्या स्त्रीला आयुष्यभर ती चालविण्याचा मार्ग मोकळा व्हावा, याहून सरळ परोपकार आम्हांस सुचत नाही. रणांगणात दशरथाचा रथ सावरणाऱ्या कैकेयीची कथा आपण पिढ्यान् पिढ्या सांगत आलो. राजाने तिला वर दिले, पण लगाम काही दिला नाही. आजच्या स्त्रीला वर नकोत, तिला नोकरीचे पत्र हवे आहे.