जाईचा पाला आणि आलेले तोंड

पावसाळ्यात जाई बहरते आणि जळगाव-धुळ्याच्या बाजारात तिचे गजरे दिसू लागतात. वास फुलाचा, औषधाला मात्र पालाच जास्त लागतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. सोळाव्या शतकातील 'भावप्रकाश' ग्रंथात डोके, डोळे, तोंड व दात यांच्या विकारांवर जाई सांगितली आहे. जखमेवर लावायच्या जात्यादि तेलाचे नावही तिच्यावरूनच पडले. संस्कृतात जाईला 'जाती' म्हणतात.

तोंड आले असता जाईची चार-पाच कोवळी पाने स्वच्छ धुऊन सावकाश चावावीत. रस तोंडात घोळवावा व चोथ्यासह थुंकून टाकावा. पाने उकळून कोमट काढ्याच्या गुळण्या केल्या तरी चालते. दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. किराणा दुकानातील जायपत्री म्हणजे जाईची पाने नव्हेत. ते जायफळाच्या बीवरचे आवरण असते. आणि जात्यादि तेलात मोरचूद असते, म्हणून ते पोटात जाऊ देऊ नये.

बंधू-भगिनींनो, आता मुद्द्याचे बोलू. आपल्याकडे तंबाखू-चुना चालतो, घरातील बायाबापड्या मिसरी लावतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी पुडी सुटलेली नाही. मग तोंडात जखम झाली की 'उष्णता वाढली' म्हणून महिनोन्महिने घरगुती उपाय चालतात. हे थांबले पाहिजे.

साधे आलेले तोंड आठ-पंधरा दिवसांत बरे होते. तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गालात पांढरा किंवा लाल चट्टा, किंवा तोंडात तीन बोटे उभी न मावणे, यांपैकी काहीही दिसले तर पाला बाजूला ठेवा. कर्करोगाची जखम सुरुवातीला बहुधा दुखत नाही, म्हणूनच ती फसवते. धुळ्याला हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जळगावलाही २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथे तोंड दाखवून घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार बसतात. ही योजना २०१२ साली वेगळ्या नावाने प्रथम आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत आपले धुळेही होते. जाताना रेशनकार्ड व आधारकार्ड बरोबर न्यावे.

दारात जाई जरूर लावा. पण पुडी आणि मिसरी सुटल्याशिवाय नुसता पाला चावून भागणार नाही, एवढेच आमचे सांगणे आहे.