बावीस क्विंटलांचा खमतखामणा

संवत्सरीच्या दुसऱ्या दिवशी व्यापारी घरातला फोन सकाळपासून थांबत नाही. मन, वचन, कायेने, जाणता-अजाणता झालेल्या अपराधांची क्षमा मागणारा एकच मजकूर शंभर ठिकाणी जातो आणि शंभर ठिकाणांहून परत येतो. मूळचे मेडशीचे आणि अनेक वर्षे पुण्याच्या मार्केट यार्डात भुसार मालाचा व्यापार करणारे एक गृहस्थ आहेत. त्यांनीही यंदा तो मजकूर पाठविला. मेडशीतील बालमित्राकडून उत्तरादाखल जोडलेल्या हातांचे चित्र आले. गेली चार वर्षे तेवढेच येत होते. शुक्रवारी रात्री त्यांनी वाशीमकडे जाणारी ट्रॅव्हल्स पकडली. रविवारी रात्री परतायचे होते, म्हणजे हाती जेमतेम दोन दिवस.

पहाटे मालेगावला उतरले तेव्हा धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. अकोल्याकडे जाणारा रस्ता आता रुंद महामार्ग झाला आहे. लहानपणी याच रस्त्याने वडिलांबरोबर अकोल्याच्या बाजारी जाताना पातूरच्या घाटात एस.टी. कण्हत असे आणि खिडकीजवळच्या जागेसाठी त्यांचे बालमित्राशी भांडण होई. वडील खरेदीला निघाले की दोघांनाही बरोबर नेत. आता दुतर्फा सोयाबीन उभे होते, सखल वावरांत पाणी साचलेले होते. पोळा होऊन आठवडा झाला होता. वाटेत भेटलेल्या एका जोडीच्या शिंगांवर रंग अजून टिकून होता.

आईचा तेला निर्विघ्न पार पडला होता, पारणेही झाले होते. ऐंशी ओलांडलेल्या त्या माऊलीने लेकाला नवकारसीपर्यंत थांबवून मग दूध दिले आणि पहिलाच प्रश्न केला, “त्याला खमावलेस का?” कोणाला, हे सांगण्याची गरज नव्हती. “मेसेज केला होता,” असे उत्तर मिळाल्यावर ती काही बोलली नाही. दुपारी शिरपूरला जायचे आहे, एवढेच तिने सांगितले.

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथांचे मंदिर आपल्याच दोन आम्नायांच्या वादामुळे १९८१ पासून कुलूपबंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये ते उघडले. मधली बेचाळीस वर्षे भाविकांनी झरोक्यातून दर्शन घेतले. आईची उमेदीची सारी वर्षे त्या झरोक्यापाशीच गेली. वाद कोणाचा खरा, हे ती कधीच सांगत नसे. परतताना गाडीत ती एवढेच म्हणाली की, बंद दारासमोर उभे राहण्याचीही माणसाला सवय होऊन जाते.

मित्राचे प्रकरण असे होते. २०२१ च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. त्या वर्षीचा हमीभाव होता ३,९५० रुपये. असा भाव वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने पूर्वी पाहिला नव्हता. मित्राकडे आदल्या हंगामातले बावीस क्विंटल शिल्लक होते आणि दिवाळीनंतर मुलीचे लग्न होते. त्याने पुण्याला फोन करून विचारले, विकू का? “थांब, बारा हजार होईल,” असा सल्ला मिळाला, आणि तो सल्ला त्या दिवशी प्रामाणिक होता. पुढे आठ-दहा दिवसांत यार्डात सोयापेंडीच्या आयातीची कुजबुज सुरू झाली. २४ ऑगस्टला केंद्र सरकारने बारा लाख टन पेंड आयात करण्यास मोकळीक दिली. त्याआधीच पुण्याहून धाकट्या भावाला निरोप गेला होता आणि गोदामातला घरचा माल चढ्या भावात निघाला होता. मित्राला मात्र फोन गेला नाही. नवा माल बाजारात येऊ लागला तसा भाव जवळजवळ निम्म्यावर आला, आणि लग्नाची घाई असलेल्या मित्राने ऑक्टोबरात मिळेल त्या भावाला विकले. फरक लाखाच्या घरात होता.

फोन करायचा राहून गेला, असे गृहस्थ चार वर्षे स्वतःला सांगत आले. राहून मात्र तो गेला नव्हता. आपला सल्ला चुकला, हे आठ दिवसांत कबूल करण्याची लाज वाटली होती. व्यापारात भाव चुकतो, त्यात पाप नाही. चुकल्याचे कळल्यावर गप्प बसणे ही निराळी गोष्ट. शास्त्रकारांनी क्रोधाच्या चार प्रती सांगितल्या आहेत : पाण्यावरची रेघ, वाळूवरची रेघ, सुकलेल्या जमिनीची भेग आणि डोंगराची भेग. काळ्या जमिनीच्या मेडशीकरांना तिसरी उपमा समजावून सांगावी लागत नाही. वैशाखात हात जाईल एवढी पडलेली भेग पावसाने मिटते. मायेच्या कषायासाठी त्यांनी वेगळी यादी दिली आहे. तिची सुरुवात वेळूच्या सहज सरळ होणाऱ्या छिलक्यापासून होते आणि शेवट वेळूच्या पिळदार मुळाशी. दुकानदाराने खरे तर या दुसऱ्या यादीकडे अधिक लक्ष द्यावे, पण व्याख्यानातून उठताना लक्षात राहतो तो क्रोधच.

शनिवारी संध्याकाळी ते मित्राच्या घरी गेले. महालक्ष्म्या दुसऱ्या दिवशी बसणार होत्या; ओसरी नुकतीच सारवलेली, भांडी घासून उपडी घातलेली. “या शेठ, बसा,” मित्र म्हणाला. एकेकाळी एस.टी.च्या खिडकीसाठी दंड ओरबाडणारा माणूस ‘तुम्ही’ म्हणत होता. मग म्हणाला, “आधी जेवून घ्या, दिवस बुडाले आला.” ताटात मुगाचे वरण, भात आणि ज्वारीची भाकरी होती. कांदा-लसूण नाही, पालेभाजी नाही, शेजारी उकळून निववलेल्या पाण्याचा तांब्या. चातुर्मासातले सगळे नियम त्या घराने चार वर्षांच्या अबोल्यातही विसरले नव्हते. गृहस्थांना घास गिळणे कठीण झाले.

दिवेलागणीला त्यांनी बोलायला सुरुवात केली. जाणता-अजाणता हे शब्द त्यांनी वापरले नाहीत. तारखा सांगितल्या, भावाला केलेला फोन सांगितला, मित्राला न केलेला फोन सांगितला आणि तो का केला नाही तेही सांगितले. गुरूसमोर आलोचना करताना दोष नावानिशी सांगावा लागतो. मित्रासमोर सांगणे त्यांना अधिक जड गेले.

मित्राने ऐकून घेतले. “मले तवाच समजलं होतं,” तो म्हणाला. “तुमच्या गोदामातला हमाल आमच्याच गल्लीतला हाये.”

“मग विचारलं का नाहीस?”

“कायले इचारू? तू सांगशीन म्हून वाट पायली. पहिल्या वर्षी पायली. मंग नाई पायली.”

आतून चुडे वाजले आणि थांबले. मित्राची पत्नी दाराआड ऐकत असावी.

फरकाची रक्कम द्यायची तयारी असल्याचे गृहस्थांनी सांगितले. मित्र नको म्हणेल, अशी एक आशा त्यांच्या मनात होती. तीही त्यांना तेव्हाच कळली आणि तिची लाज वाटली. मित्र नको म्हणाला नाही. लग्नासाठी काढलेल्या कर्जातले काही अजून फिटायचे होते. “सोयाबीन निघू दे,” तो म्हणाला. “औंदा पाण्यानं कितीक हाती लागते, ते पाहू. मंग दोघं बसू.” आणि दारापर्यंत पोचवायला आला तेव्हा म्हणाला, “वावरात चिखल हाये, नाईतर उद्या सकाळी तुले नेलं असतं.”

रविवारी दुपारी दुकानात त्यांनी धाकट्या भावाला सारे सांगितले. भाऊ बराच वेळ तराजूच्या पारड्याकडे पाहत राहिला. दोष आपल्याकडेही थोडा येतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. मग त्याने खातेवही काढली, कोऱ्या पानावर मित्राचे नाव लिहिले, ‘जमा’च्या बाजूला बावीस क्विंटल लिहिले आणि रकमेची जागा रिकामी ठेवली. मालेगावहून सुटणाऱ्या रात्रीच्या गाडीला अजून चार तास होते. गृहस्थ चप्पल घालून पुन्हा मित्राच्या घराकडे निघाले.