दहा हजारांचा दंड आणि न दिसणारे देणे

मद्यप्राशन करून वाहन चालविताना पकडले गेल्यास काय भरावे लागते, असे नगरच्या एखाद्या कचेरीत विचारले तर ‘दहा हजार’ हे उत्तर तत्काळ मिळते. उत्तर चुकीचे नाही. रक्ताच्या १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क आढळल्यास पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने झाली. त्यापूर्वी हा दंड २,००० रुपयांपर्यंतच होता. परंतु हा आकडा एकूण देण्याचा केवळ छापील भाग होय, आणि बहुधा सर्वांत लहान भागही तोच.

हातचे गेलेले उत्पन्न हाही खर्चच, असे अर्थशास्त्र मानते. शिर्डी आणि शनिशिंगणापूर यांच्या दरम्यान भाविकांची ने-आण करणारा एखादा जीपचालक घ्यावा. हा गुन्हा जागच्या जागी पैसे भरून मिटत नाही. श्वासाची चाचणी, प्रसंगी रुग्णालयात रक्ततपासणी, जामीन आणि मग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढील तारखा, असा तो रस्ता आहे. प्रत्येक तारखेला वकिलाची फी द्यावी लागते आणि दिवसाची खेप बुडते. जप्त केलेला परवाना पोलिसांकडून आल्यावर परिवहन अधिकारी पहिल्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची अपात्रता ठरवू शकतात, पुढच्या गुन्ह्यात परवानाच रद्द होऊ शकतो. कारकून तीन महिने एस.टी.ने कचेरी गाठील. जीपचालकाचे भांडवलच तो परवाना. कर्जाचा हप्ता मात्र त्या काळात थांबत नाही. कायद्याने दंड सर्वांना सारखा ठेवला, हे कागदावर शोभून दिसते. एखाद्या बागाईतदाराचा तो एका संध्याकाळचा खर्च असेल. दुधाचा टेम्पो चालविणाऱ्याच्या घरी तेवढ्यात महिन्याचा किराणा येतो.

नोकरदारांनीही निश्चिंत राहू नये. नुसत्या या गुन्ह्यात सहसा लवकर जामीन मिळतो. पण त्या रात्री रस्त्यावर कोणाचा जीव गेला आणि सदोष मनुष्यवधाचा गुन्हा नोंदला गेला, तर कोठडीचे ४८ तास सहज उलटतात. आणि तेवढा काळ उलटला की १९७९ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे राज्य सरकारी कर्मचारी निलंबित झाल्याचे मानले जाते. पगाराच्या जागी निर्वाहभत्ता येतो, तोही प्रारंभी अर्धवेतनी रजेच्या वेतनाइतका. विद्यार्थ्यांची गोष्ट तर आणखी नाजूक. सरकारी नोकरीपूर्वी चारित्र्य-पडताळणी होते, आणि मोटारसायकलवरील एका रात्रीचा खटला तेथे पुन्हा उभा राहतो. तीस वर्षांच्या वेतनाची किंमत कोणत्याही पावतीवर लिहिलेली नसते.

विमा तरी वाचवील, ही समजूतही फोल आहे. वाहनाच्या नुकसानीची भरपाई अशा वेळी विमा कंपन्या नाकारतात. दिल्लीत २००७ साली झालेल्या एका अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये कंपनीचा हा नकार उचलून धरला. ती मोटार महागडी पोर्शे होती, मालक कंपनी होती, तो फटका तिला पेलण्याजोगा असेल. एकुलत्या टेम्पोच्या मालकाचे काय? जखमी झालेल्या माणसाची भरपाईदेखील अखेर त्याच्याच माथी येण्याचा धोका असतो.

राळेगणसिद्धीने ज्या जिल्ह्यातून दारूबंदीचा धडा राज्याला दिला, त्याच अहिल्यानगर जिल्ह्यात हा हिशेब कोणी मांडू नये, हे नवलच. मद्यावरील शुल्काचे उत्पन्न सरकारच्या अंदाजपत्रकात ठळक दिसते. दुसरी बाजू घरातील सोने पतसंस्थेत ठेवून भागविली जाते, आणि ते सोने बहुधा वाहन चालविणाऱ्याचे नसून त्याच्या पत्नीचे असते. शिकाऊ परवाना देताना रस्त्यावरील चिन्हांची परीक्षा घेतली जाते. त्याच वेळी वकील, बुडालेली मजुरी, निलंबन आणि नाकारलेला विमा यांचा एक पानी तक्ता उमेदवाराच्या हाती देण्यास परिवहन खात्याला फारसा खर्च येणार नाही.