नाव एकच, कागद मात्र चार



गेल्या पावसाळ्यात एका दुपारी धाकट्या भावाचा न्यू जर्सीहून फोन आला. आमचं बोलणं रविवारी होतं. हा मधल्या वारी आला आणि तिकडे तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. "आपा, पत्र आलंय. माझ्या जन्मदाखल्यावर माझं नावच नाही म्हणतात."

आधी थोडी पार्श्वभूमी सांगते. नोकरीच्या आधारावर अमेरिकेत कायम राहण्याच्या परवान्याला आपण ग्रीन कार्ड म्हणतो. त्यासाठी आधी कंपनी 'आय-१४०' हा अर्ज करते. मग नंबर लागला की नोकरदार स्वतः 'आय-४८५' भरतो. अशी कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार निघतात आणि एका देशाच्या वाट्याला सहसा ७ टक्क्यांपेक्षा जास्त जात नाहीत. त्यामुळे भारतीयांची रांग फार लांब. माझा भाऊ त्या रांगेत दहा वर्षांहून जास्त उभा होता. नंबर लागला आणि घोडं कागदावर अडलं.

घोळ दोन होते, आणि दोन्ही आपल्याकडचे.

पहिला जन्मदाखल्याचा. भाऊ घरीच जन्मला. अब्बा ग्रामपंचायतीत नोंद करून आले तेव्हा नाव ठरलं नव्हतं. ते ठरल्यावर नोंदवायचं राहून गेलं. आज दाखल्यावर तारीख आहे, आई-वडिलांची नावं आहेत, पण बाळाच्या नावाच्या जागी रेघ. त्यात अब्बांचं नाव तिथे नुसतं 'इब्राहिम', आणि भावाच्या पासपोर्टवर 'मोहम्मद इब्राहिम'.

दुसरा घोळ पासपोर्टचा. भावाचा पहिला पासपोर्ट एजंटने भरला होता. त्याने सगळं नाव एकाच रकान्यात लिहून आडनावाचा रकाना रिकामा सोडला. असा पासपोर्ट असला की अमेरिकेच्या व्हिसावर सगळं नाव आडनावात जातं आणि पहिल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे 'पहिलं नाव माहीत नाही'. पुढे भावाने पासपोर्ट दुरुस्त करून घेतला. पण कंपनीच्या जुन्या कागदांत तो 'एफएनयू'च राहिला. आता कार्यालय विचारत होतं की या दोन्ही फायलींतला माणूस एकच कशावरून?

अशा पत्राला उत्तर द्यायला जास्तीत जास्त बारा आठवडे मिळतात आणि मुदत वाढवून मिळत नाही. जे पाठवायचं ते एकदाच, सगळं एकत्र. आज अर्धं, उद्या अर्धं चालत नाही.

अम्मींचा धीर सुटला. तेवढ्यात तालुक्याचा एक ओळखीचा एजंट घरी आला. म्हणाला, "नाव घातलेला नवा दाखला आठ दिवसांत आणून देतो. कोण बघतंय?" अम्मी पैसे काढायला उठल्या. मीही क्षणभर गप्प बसले, हे कबूल करते. दहा वर्षांची रांग डोळ्यांसमोर होती.

रात्री भावाने वकिलाला विचारलं. वकील म्हणाला, कागदात चूक असेल तर खुलासा करता येतो. पण खोटा कागद दिल्याचं उघड झालं, तर अमेरिकेची दारं आयुष्यभरासाठी बंद होऊ शकतात. एजंटला आम्ही चहा पाजून परत पाठवलं.

मग सरळ मार्गाने लागलो. नाव नसलेला दाखला होता तसाच जोडला. सोबत शाळा सोडल्याचा दाखला आणि ज्यांना जन्माची स्वतः माहिती आहे अशा दोन वडीलधाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं. जुना-नवा पासपोर्ट आणि 'या दोन्ही नावांचा माणूस मीच' असं भावाचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र. अब्बांच्या नावाचा खुलासाही त्यातच केला.

प्रतिज्ञापत्रावर सही करायला मामू लगेच तयार झाले. पण भाऊ जन्मला तेव्हा मामू जहाजावर होते. बाळ त्यांनी पाहिलं ते सात महिन्यांनी. मी म्हटलं, "मामू, त्यात 'मी हजर होतो' असं लिहावं लागेल." मामू जरा रागावले. "भाच्यासाठी एवढंही करू नको?" थोड्या वेळाने स्वतःच म्हणाले, "नको. गवाही ती गवाही." शेवटी अम्मींनी एक दिलं आणि दुसरं फुफींनी. त्या रात्री पावसात दाईला बोलवायला फुफीच गेल्या होत्या. नोटरीसमोर त्यांनी उर्दूत सावकाश सही केली आणि विचारलं, "चालेल ना गं?" चालली.

वहिनीच्या अर्जासाठी निकाहनाम्याचं इंग्रजी भाषांतर लागलं. तिथे कोणीही जाणकार भाषांतर करू शकतो. फक्त ते पूर्ण आणि अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं लिहून सही करावी लागते. ते मी केलं. शिक्केसुद्धा सोडले नाहीत. हिजरी तारीख आणि इंग्रजी तारीख, दोन्ही जशा होत्या तशा उतरवल्या.

कार्ड या रमजानच्या आधी आलं, अल्हमदुलिल्लाह.

आता तुमच्या घरातलं बोलते. 'मोहम्मद' उर्दूत एकाच तऱ्हेने लिहितात. इंग्रजीत मात्र कुठे 'ओ', कुठे 'यू', कुठे नुसतं 'एमडी', आणि अमेरिकेत 'एमडी' म्हणजे डॉक्टर! आम्ही शिक्षकही कमी नाही. कित्येक मुलांची जन्मतारीख आम्ही शाळा सुरू होण्याच्या हिशोबाने १ जून लावून मोकळे झालो.

म्हणून या रविवारी कपाटातली फाइल काढा. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आधार आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून एकेक अक्षर ताडून पाहा. बाळाचं नाव जन्मनोंदीत नसेल तर आताच घालून घ्या. मूळ नियमात त्यासाठी नोंदणीपासून पंधरा वर्षांचीच मुदत आहे. दहावीचा फॉर्म शाळेतून तपासायला येतो, तेव्हा मुलाच्या हाती देऊन 'बघ रे' म्हणू नका. स्वतः वाचा. नंतर त्यात बदल करणं फार जिकिरीचं असतं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका.

आणि चूक सापडली तर घाबरू नका, लपवूही नका. आमच्या घरच्या दोन चुकांचा खुलासा चार खऱ्या कागदांनी झाला. आठ दिवसांत मिळणाऱ्या त्या पाचव्या कागदाचा खुलासा आम्ही काय केला असता?