मरणाची भरपाई की जगण्याची तरतूद?



दुकान, गोदाम, कापसाच्या गाठी यांचा विमा आपण दरवर्षी न विसरता उतरवतो. वर्ष सुखरूप गेले, तर हप्ता वाया गेला अशी खंत कोणी करीत नाही. परंतु आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा, दिग्रस, पुसद या भागांत तांड्यांवर राहणाऱ्या पशुपालकांचे सारे भांडवल चार पायांवर चालते. त्याच्या रक्षणाचे काय?

राष्ट्रीय पशुधन अभियानात जनावरांच्या विम्याची सोय आहे. पूर्वी हप्त्यातील २० ते ५० टक्के वाटा पशुपालकाला भरावा लागे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने तो सरसकट १५ टक्के केला. उरलेला भार केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. जनावराची ओळख कानातल्या बिल्ल्यावरून पटते, म्हणून तो जपावा लागतो.

मात्र ही भरपाई जनावर दगावल्यावर मिळते, आणि दुष्काळ मृत्यूची वाट पाहत नाही. आधी कडबा महागतो, मग पाणवठे आटतात, आणि शेवटी दावणीची गाय मिळेल त्या भावाने विकली जाते. विकलेल्या गाईचा दावा करता येत नाही. ती पुढे कोणाच्या हाती गेली, हे विकणाऱ्यालाही कळत नाही.

केनियातील मार्साबित भागात २०१० मध्ये वेगळा विमा सुरू झाला. तेथे कुरणांची हिरवळ उपग्रहाद्वारे मोजतात. ती ठरावीक पातळीखाली गेली की पैसे मिळतात, मेलेले जनावर दाखवावे लागत नाही. पुढे तर चारा विकत घेऊन जनावरे जगवता यावीत, यासाठी आधीच रक्कम देण्याची पद्धत तेथे आली. पहिला विमा मरणाची किंमत देतो, दुसरा जगण्याची तरतूद करतो. जीवदया मानणाऱ्यांना यातील भेद निराळा सांगायला नको.

असा विमा आपल्याकडे येईल तेव्हा येवो. तोवर जीवदयेसाठी काढलेल्या रकमेतून एखाद्या ओळखीच्या पशुपालकाच्या हप्त्याचा वाटा आपण भरू शकतो. आणि चैत्र-वैशाखात सरकी-ढेपेसाठी तो दुकानाच्या पायरीशी आला, तर पावसाळ्यापर्यंतची उधारी त्याच्या खात्यावर बिनव्याजी मांडू शकतो. दावणीची गाय दावणीलाच राहावी, यासाठी कधी कधी एवढेही पुरते.