एक औषध, दोन धनी

औषधांना न जुमानणाऱ्या सूक्ष्मजीवांविषयी जनजागृतीचा जागतिक सप्ताह दरवर्षी १८ ते २४ नोव्हेंबर या काळात पाळला जातो. याच दिवसांत नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतरच्या बागा ऐन नाजूक अवस्थेत असतात आणि डाऊनी आणि भुरी या रोगांच्या धास्तीने ट्रॅक्टरवरचे ब्लोअर भल्या पहाटे सुरू होतात. या दोन गोष्टींचे जवळचे नाते आहे. सप्ताहातली भाषणे मात्र जिवाणू आणि अँटिबायोटिक यांच्यापाशीच थांबतात. बुरशीचे नाव क्वचितच निघते. महाराष्ट्राने तरी तिला विसरू नये.

२०२१च्या मे महिन्यात अँफोटेरिसिन-बीच्या कुप्यांसाठी म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक एका शहरातून दुसऱ्या शहरात वणवण फिरत होते. केंद्राला राज्यनिहाय वाटप ठरवून द्यावे लागले. शल्यचिकित्सकांनी जबडा, टाळू, प्रसंगी डोळाही काढून माणसे वाचवली. एकाच इंजेक्शनसाठी एवढी धावाधाव झाली, कारण पर्यायच थोडे होते. इतर अनेक बुरशींवर हुकमी ठरणाऱ्या व्होरिकोनाझोलला म्युकर मुळातच दाद देत नाही. बुरशीची पेशी माणसाच्या पेशीशी बरीच मिळतीजुळती असते. त्यामुळे बुरशी मारायची आणि माणसाला धक्का लागू द्यायचा नाही, असे औषध शोधणे अवघड असते. शरीरात खोल शिरलेल्या बुरशीवर म्हणूनच औषधांचे मोजकेच गट उपलब्ध आहेत.

व्होरिकोनाझोलला दाद न देण्याची खोड म्युकरला उपजत आहे, ॲस्परजिलस फ्युमिगेटसने ती कमावली आहे. या बुरशीचे सूक्ष्म बीजाणू आपण सगळेच रोज श्वासावाटे आत घेतो आणि निरोगी शरीर त्यांचा सहज निकाल लावते. पण रक्ताच्या कर्करोगाचे उपचार घेणारा, अवयव प्रत्यारोपण झालेला किंवा अतिदक्षता कक्षात गंभीर फ्लूशी झगडणारा रुग्ण असेल, तर तीच बुरशी फुप्फुस पोखरते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये १९ घातक बुरशींची यादी जाहीर केली. त्यातील सर्वाधिक चिंतेच्या गटात ज्या चार बुरशी आहेत, त्यांत हिचा समावेश आहे. तिच्यावरचे पहिल्या पसंतीचे औषध म्हणजे व्होरिकोनाझोल. नेदरलँड्समधील रुग्णांच्या एका अभ्यासात व्होरिकोनाझोल लागू पडणाऱ्या संसर्गात ४२ दिवसांत २८ टक्के रुग्ण दगावले, तर ते लागू न पडणाऱ्या संसर्गात ४९ टक्के.

हा प्रतिरोध आला कुठून? व्होरिकोनाझोल बुरशीच्या ज्या विकरावर घाव घालते, त्याच विकरावर शेतातली हेक्झाकोनाझोल, टेब्युकोनाझोल, प्रोपिकोनाझोल ही त्याच ‘ॲझोल’ गटातली बुरशीनाशकेही घाव घालतात. शेतकऱ्याची फवारणी असते भुरीवर, तांबेऱ्यावर. ॲस्परजिलस त्याच्या खिजगणतीतही नसते. ती राहते कुजणाऱ्या पाल्यात आणि खताच्या ढिगात. फवारलेल्या पिकाचा काडीकचरा तिथेच येऊन पडतो आणि त्यासोबत औषधाचा अंशही येतो. त्यात दुबळी बुरशी मरते आणि बदललेली तगते. पुढे तिचे बीजाणू वाऱ्यावर स्वार होतात. नेदरलँड्समध्ये फुलांच्या कंदांचा कचरा अशा बुरशीचे आगर असल्याचे आढळले. भारतातही दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटच्या संशोधकांनी २०१२ मध्ये भातशेतीच्या, चहामळ्यांच्या आणि कुंड्यांच्या मातीत, इतकेच नव्हे तर रुग्णालयातील हवेतही ती शोधून काढली. ज्याने व्होरिकोनाझोल आयुष्यात कधी घेतले नाही, त्या रुग्णालाही औषधाला दाद न देणारा संसर्ग होतो तो असा.

उपाय रुग्णालयापासून सुरू होतात. चार कप्प्यांची एक छोटी प्लेट असते. तीन कप्प्यांतल्या आगर या वाढ-माध्यमात तीन वेगवेगळी ॲझोल औषधे मिसळलेली असतात आणि चौथा कप्पा कोरा असतो. रुग्णाच्या नमुन्यातील बुरशी चारही कप्प्यांत टाकून प्लेट उबेत ठेवतात. कोऱ्या कप्प्यात धुरकट निळसर-हिरवी मखमल उगवली आणि बाकी तीन स्वच्छ राहिले, तर डॉक्टरांना दिलासा मिळतो. औषधाच्या कप्प्यातही तीच मखमल दिसली, तर उपचार बदलण्याचा विचार तातडीने करावा लागतो. या चाचणीला महागडे यंत्र लागत नाही. लागतात ते प्रशिक्षित हात आणि ‘बुरशी आहे’ एवढ्यावर अहवाल न संपवण्याची शिस्त. प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात ही सोय हवी. व्होरिकोनाझोलची रक्तातील पातळीही माणसागणिक बदलते, ती मोजण्याची सोयही हवी. औषध कमी पडले, तर बुरशीचेच फावते.

शेतकऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून काहीच साधणार नाही. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे आपली द्राक्षे युरोपात नाकारली गेली. त्या फटक्यानंतर याच बागायतदारांनी अंशमुक्त द्राक्षांची शिस्त अंगी बाणवली. कारण पटले की आपला शेतकरी बदलतो. मात्र अंशाची तपासणी द्राक्ष खाणाऱ्याला वाचवते, खताच्या ढिगातल्या बुरशीचा पत्ता तिला लागत नाही. म्हणून भुरीसाठी जिथे गंधकावर भागते तिथे ॲझोल टाळणे, एकाच गटाचे औषध पुन्हा पुन्हा न मारणे आणि फवारलेल्या बागेचा काडीकचरा नीट कुजवणे हा सल्ला कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपर्यंत पोहोचला पाहिजे.

सर्वात मोठी जबाबदारी सरकारची आहे. ओलोरोफिम आणि फॉसमॅनोजेपिक्स ही नव्या पद्धतीने काम करणारी औषधे चाचण्यांच्या टप्प्यांत आहेत. पण त्यांच्याच निशाण्यावर घाव घालणारी इप्फ्लुफेनोक्विन आणि अमिनोपायरीफेन ही शेतीची बुरशीनाशकेही तयार झाली आहेत. म्हणजे औषध रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच त्याची धार बोथट होण्याची भीती आहे. युरोपीय संघाच्या पाच संस्थांनी जानेवारी २०२५ मध्ये ॲझोलच्या शेतीतील वापराबाबत एकत्रित अहवाल दिला. आपल्याकडे मात्र कीटकनाशकांची नोंदणी कृषी मंत्रालयाच्या अखत्यारीत, तर औषधांना मान्यता आरोग्य मंत्रालयाच्या. नव्या बुरशीनाशकाची नोंदणी करण्यापूर्वी या दोघांनी एकत्र बसून निर्णय घेणे बंधनकारक करावे. महाराष्ट्राने त्यासाठी दिल्लीची वाट पाहू नये. मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आणि आपली वैद्यकीय महाविद्यालये यांना सोबत घेऊन बागांतील माती आणि खताचे ढीग याच हंगामात तपासायला सुरुवात करावी. औषध नसले म्हणजे काय होते, हे या राज्याने २०२१ मध्ये सोसले आहे. औषध हाती असूनही ते लागू न पडण्याची वेळ येऊ द्यायची नसेल, तर हे काम पुढच्या सप्ताहावर ढकलता येणार नाही.