प्रवासास योग्य असल्याचा दाखला

परदेशी जाणे ही हिंगोली जिल्ह्यात आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हा जिल्हा झाला, तेव्हा कोणाकोणाची मुले अमेरिकेत आहेत हे मोजायला एका हाताची बोटे पुरत असत. आज वसमतच्या हळदीच्या अडत्याचा मुलगा जर्मनीत असतो, कळमनुरीच्या शिक्षकाची सून लंडनला नोकरी धरते. औंढ्याजवळच्या दुधाळ्याच्या लायगो वेधशाळेला २०२३ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हापासून तर उलट दिशेनेही माणसे येतील असे लोक बोलू लागले आहेत. माणसांच्या जाण्यायेण्याची आपल्याला सवय झाली. त्यांच्याबरोबर घरचे कुत्रेही जाणार म्हटले की मात्र लोक अजून हसतात. आणि ते कुत्रे आजारी असेल तर हसण्याबरोबर सल्लाही मिळतो : 'कशाला त्या भानगडीत पडता? देऊन टाका की कोणाला तरी.'

मी पशुवैद्यक आहे. नोकरीची सगळी वर्षे तालुक्याच्या दवाखान्यांत गेली. गाय, म्हैस, बैल, शेळी. लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या आणि रात्री-अपरात्री अडलेली गाय, एवढेच आमचे विश्व. कुत्र्याचा विषय निघे तो कोणाला तरी चावले म्हणून. गेल्या दहा-पंधरा वर्षांत चित्र पालटले. पुण्याला नोकरीस असलेली मुले लॅब्रेडॉर पाळतात, पग पाळतात, सुटीत गावी घेऊन येतात. मी आता निवृत्त आहे, तरी माझ्याकडे येणाऱ्यांपैकी काही जण एकाच कामासाठी येतात. 'डॉक्टरसाहेब, विमानातनं न्यायचंय. प्रवासास योग्य आहे, एवढा दाखला द्या. एका सहीचा तर प्रश्न आहे.'

त्या एका सहीविषयीच मला लिहायचे आहे.

आधी कागद काय मागतात ते पाहू. युरोपीय संघातल्या देशात भारतातून कुत्रे न्यायचे तर त्याच्या कातडीखाली १५ आकड्यांची मायक्रोचिप बसवावी लागते. मग रेबीजची लस. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त घेऊन मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवायचे. त्यात मिलिलिटरमागे किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक इतकी प्रतिपिंडे सापडली पाहिजेत. आणि रक्त घेतल्या दिवसापासून आणखी ३ महिने थांबायचे. म्हणजे सगळे सुरळीत झाले तरी चार महिने गेले. ब्रिटनने सहा महिन्यांचे सक्तीचे क्वारंटाईन २०१२ मध्ये काढून टाकले आणि हिशेब जवळपास असाच ठेवला. फक्त तिथे कुत्रे माल म्हणूनच उतरवावे लागते, आणि पोहोचण्याआधी १ ते ५ दिवसांत पट्टकृमीचे औषध दिल्याची नोंद लागते. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम आवळले. भारतात लस टोचलेल्या कुत्र्याची रक्तचाचणी झालेली नसेल तर तिथे २८ दिवसांचे क्वारंटाईन. ऑस्ट्रेलियाला तर आपल्याकडून थेट नेताच येत नाही. त्यांना मान्य असलेल्या दुसऱ्या एखाद्या देशात आधी न्यावे लागते. हे सगळे जमले की शेवटी मुंबईसारख्या शहरात केंद्र सरकारच्या पशू संगरोध व प्रमाणन सेवेच्या कार्यालयात कुत्रे दाखवून निर्यातीचे प्रमाणपत्र घ्यायचे.

यात चिडण्यासारखे काही नाही. जगात रेबीजने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के भारतात होतात असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्यांनी हा रोग आपल्या हद्दीबाहेर घालवला ते दार सांभाळून उघडणारच. माझी तक्रार वेगळी आहे. हे सगळे कागद नीट वाचा. ते एकच गोष्ट विचारतात. या कुत्र्यापासून आम्हाला काय होईल? या प्रवासात त्या कुत्र्याचे काय होईल, हे जवळजवळ कोणताच रकाना विचारत नाही. फेफरे येणाऱ्या कुत्र्याला युरोपचे दार उघडे आहे. मधुमेही कुत्र्याला उघडे आहे, हृदय मोठे झालेल्या कुत्र्यालाही उघडे आहे. उलट आपल्याकडे गोचिडांमुळे होणारा एर्लिकिया नावाचा ताप येऊन गेलेले, वरून धडधाकट दिसणारे कुत्रे ऑस्ट्रेलियासाठीच्या रक्तचाचणीत अडकू शकते. निरोगी दिसणारे अडते आणि आजारी सुटते, असा हा प्रकार आहे. कुत्र्याच्या बाजूने विचारलेला प्रश्न उरतो तो गावच्या पशुवैद्याच्या दाखल्यातल्या एका ओळीत : 'तपासले, प्रवासास योग्य आहे.' आणि तीच ओळ आपण निव्वळ सही समजतो.

विमानाच्या पोटात हवेचा दाब आणि तापमान राखलेले असते, हे खरे. पण तिथे माणूस नसतो. मुंबईहून फ्रँकफुर्टचे थेट विमान नऊ तासांच्या आसपास घेते. आधीचे सोपवणे आणि नंतरचे सोडवणे धरले तर बारा-चौदा तास कुत्रे पिंजऱ्यात एकटे. त्याआधी हिंगोली ते मुंबई साडेपाचशेहून अधिक किलोमीटर. रेल्वेने जावे तर पहिल्या वर्गाचा स्वतंत्र कूपे मिळाला पाहिजे, नाहीतर गार्डाच्या डब्यातली पेटी. समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाल्यापासून लोक गाडीनेच नेतात, आणि ते बरे. पण मे महिन्यात आपल्या भागातून निघू नये, एवढे मी हात जोडून सांगतो.

आता आजारांकडे येऊ. काही आजार कुत्र्याबरोबर निमूट प्रवास करतात, काहींना प्रवासच उठवतो. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे, जुनी खरूज, एक डोळा गेलेला, एवढ्याने मी कोणाला अडवत नाही. पग या जातीचे मात्र वेगळे आहे. २००३ च्या सुमारास हच कंपनीच्या जाहिरातीतून तो घराघरात आला. त्याचे बसके नाक आपल्याला गोजिरवाणे वाटते. त्याला मात्र जन्मभर अर्ध्या श्वासावर जगावे लागते. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने २०१० मध्ये आकडे जाहीर केले होते. त्याआधीच्या पाच वर्षांत विमानात माल म्हणून नेताना १२२ कुत्री मेल्याची नोंद होती आणि त्यांतली निम्म्याच्या आसपास बसक्या नाकाची होती. बऱ्याच विमान कंपन्या अशी कुत्री मालाच्या कप्प्यात घेतच नाहीत. लोक त्यांना निर्दय म्हणतात. मला तो त्यांच्या नियमांतला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

फेफऱ्याची गोष्ट अधिक नाजूक. फेनोबार्बिटोनची गोळी बारा-बारा तासांनी द्यावी लागते, आणि ती अचानक बंद पडली तर आधीपेक्षा मोठे झटके येऊ शकतात. पिंजऱ्यातल्या कुत्र्याला गोळी कोण देणार? शिवाय ते नियंत्रित औषध आहे. डॉक्टरची चिठ्ठी आणि तीवर औषधाचे मूळ नाव नसेल तर परक्या विमानतळावर तुमचीच चौकशी सुरू व्हायची. अशा कुत्र्यासाठी माझा एक नियम आहे, पुस्तकातला नव्हे, माझाच. तीन महिन्यांत फिट नाही आणि रक्तातली औषधाची पातळी तपासलेली आहे, तरच सही.

यावर दोन पळवाटा मला नेहमी ऐकायला मिळतात. पहिली, 'झोपेची गोळी देऊन टाका, तिकडं गेल्यावरच उठेल.' ही गोष्ट पशुवैद्यक आणि विमान वाहतूक या दोन्ही क्षेत्रांतले जाणकार करू नका म्हणून सांगतात. गुंगीतल्या कुत्र्याचा तोल जातो, रक्तदाब उतरतो, श्वास मंदावतो, आणि पाहायला कोणी नसते. दुसरी पळवाट म्हणजे 'फिटचं लिहू नका.' तसे लिहिले नाही म्हणून फिट यायची थांबत नाही. उतरल्यावर तिकडचा डॉक्टर त्या कोऱ्या कागदाकडे बघून काय उपचार करणार?

मग राहिला शेवटचा उपाय : 'आई-बाबा आहेतच.' मला याचे फार वाईट वाटते. मुलगा गेला, सून गेली, नातवंड गेले, आणि सत्तरीच्या माणसांच्या हाती राहिले मधुमेही कुत्रे. दिवसातून दोनदा इन्सुलिन. त्या सिरिंजवरच्या रेघा मला चष्मा लावून नीट दिसत नाहीत. मोतीबिंदू झालेल्या बाईंनी त्या कशा वाचाव्यात? पुण्याच्या फ्लॅटमधले कुत्रे इथल्या उन्हात आणि गोचिडांत येऊन पडते. जरा अवघड तपासणी निघाली की परभणीचे पशुवैद्यक महाविद्यालय गाठावे लागते. तरीसुद्धा मी म्हणेन, घड्याळ लावून औषध देणारा माणूस घरात असेल तर मागे राहणे ही कुत्र्याला शिक्षा नव्हे. त्याला व्हिसा कळत नाही. त्याला ओळखीचा वास, ओळखीचा ओटा आणि वेळेवर भाकरी कळते. बरोबर नेले म्हणजे प्रेम आणि ठेवले म्हणजे दगा, हा हिशेब माणसांचा.

धर्मराजाचा दाखला या प्रसंगी हमखास दिला जातो. कुत्र्याला मनाई होती म्हणून तो इंद्राच्या रथात बसला नाही. खरे आहे, पण नोकरीवर हजर होण्याची तारीख काही त्याच्या डोक्यावर नव्हती. मला आमच्या जिल्ह्यातली गोष्ट जवळची वाटते. नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव म्हणून ओळखले जाते. कुत्र्याने भाकरी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो आणि तिच्यातून अध्यात्म काढतो. पशुवैद्याच्या नजरेने तिथे याहून साधी गोष्ट दिसते. कोरडी भाकरी त्याच्या घशाला टोचेल, हे त्या माणसाला सुचले.

आणखी एक मागणी होते, आणि ती बहुधा दार लोटून घेऊन होते. 'तारीख जवळ आली. आता ह्याला कोण बघणार? एक इंजेक्शन देऊन टाका.' ज्याचा आजार गोळीने आटोक्यात राहतो, अशा कुत्र्याला केवळ विमानाचे तिकीट निघाले म्हणून मी सुई लावलेली नाही, लावणारही नाही. मात्र ज्याचे मूत्रपिंड संपत आले आहे, जे अन्नाला तोंड लावत नाही, त्याला पिंजऱ्यात घालून सातासमुद्रापार न्यायचा हट्ट मला कळत नाही. तशा कुत्र्याला शेवट द्यायचाच तर तो घरच्या माणसांच्या मांडीवर द्यावा. हे ऐकून एक-दोघे माझ्याशी बोलायचे थांबले. असो.

सगळ्यांना मी एकच सांगतो, नोकरीचे पत्र हाती पडायची वाट पाहू नका. स्वतःच्या पासपोर्टचा अर्ज कराल त्याच आठवड्यात कुत्र्याची चिप आणि लस उरका, मग रक्त पाठवा. युरोपसाठीची ती चाचणी, पुढच्या लसी एकही दिवस न चुकवता दिल्या तर पुन्हा करावी लागत नाही. आणि पिंजरा महिनाभर आधी घरात आणून ठेवा. कुत्रे आपणहून त्यात झोपू लागले पाहिजे.

वसमतच्या एका घरात सध्या हेच चालले आहे. मुलाला जर्मनीत ऑक्टोबरमध्ये हजर व्हायचे होते, सप्टेंबरमध्ये सगळे सहीसाठी आले. सहा वर्षांची लॅब्रेडॉर कुत्री, फिट येऊन महिनाही झालेला नव्हता. मी नाही म्हणालो. मुलगा थोडा रागावला, सून रागावली नाही. तो एकटा पुढे गेला. ती सासरी वसमतला राहून कुत्रीला सांभाळते आहे, कामही तिथूनच करते. त्यानंतर फिट आलेली नाही, औषधाची रक्तातली पातळी ठीक आहे, रेबीजची चाचणीही उत्तीर्ण झाली. जानेवारीत निघायचे ठरते आहे. गोळी सध्या सकाळी ७ ला आणि रात्री ७ ला सासूबाई देतात. हिवाळ्यात जर्मनीचे घड्याळ आपल्यामागे साडेचार तास असते. म्हणून निघण्याआधी रोज अर्धा तास पुढे सरकत ९ दिवसांत ७ चे साडेअकरा करायचे आहेत. सासूबाईंनी कालनिर्णयच्या जानेवारीच्या पानावर पेन्सिलीने नऊ वेळा मांडून ठेवल्या आहेत. तारीख पक्की झाली की पेनाने गिरवणार आहेत.